ठपका, दोष आणि शिक्षा

दरवर्षी ११ जुलैला घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात शहिदांना अभिवादन करण्यासाठी माणसे जमतात. भाषणे होतात, घोषणा होतात, आयाबायांचे डोळे पाणावतात. हाच पावसाळा कॉलेज प्रवेशांचाही असतो. घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवलीच्या आपल्या वस्त्यांतली काही मुलेमुली दरवर्षी कायद्याच्या पहिल्या वर्षात पाऊल टाकतात. त्यांच्यातला एखादा मग जाणत्यांना गाठून हमखास दोन प्रश्न विचारतो. न्यायमूर्तींच्या आयोगाने ज्या फौजदारावर दोष ठेवला, त्याला न्यायालयात शिक्षा व्हायला जवळजवळ बारा वर्षे का लागली? आणि दहा माणसे गोळ्यांनी मेली तरी तो ‘खून’ का ठरला नाही?

या प्रश्नांना आपल्याकडे एक ठरलेले उत्तर आहे, “व्यवस्थाच मनुवादी आहे, दुसरे काय होणार!” हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. एवढ्यावर थांबणारा कार्यकर्ता चालेल, वकील चालणार नाही. व्यवस्था ज्या शब्दांच्या आडून आपल्याला चकवते, ते शब्दच आपल्या मुलांना ठाऊक नसतील तर पुढच्या वेळीही आपण रस्त्यावर असू आणि निकाल दुसरीकडेच लिहिला जाईल. म्हणून आज घोषणा बाजूला ठेवून शब्दांकडे वळू.

आधी घटना, कारण आजच्या पहिल्या वर्षाच्या मुलांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. ११ जुलै १९९७ रोजी सकाळी रमाबाई नगरातील बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला दिसला. संतापलेले लोक पूर्व द्रुतगती महामार्गावर उतरले. राज्य राखीव पोलीस दलाची तुकडी आली आणि तिने गोळीबार केला. दहा जणांचा बळी गेला, वीसहून अधिक जखमी झाले. चार दिवसांनी, १५ जुलैला, मुलुंडमध्ये लोकशाहीर विलास घोगरे यांनी स्वतःचे जीवन संपवले. राज्यात तेव्हा युतीचे सरकार होते. सरकारने न्यायमूर्ती एस. डी. गुंडेवार यांचा चौकशी आयोग नेमला. जमाव महामार्गावरचे गॅसचे टँकर पेटवणार होता म्हणून गोळीबार करावा लागला, असे पोलिसांचे म्हणणे होते. आयोगाने १९९८ साली अहवाल दिला. टँकरची गोष्ट आयोगाने मानली नाही. गोळीबार असमर्थनीय ठरवला आणि तुकडीचा उपनिरीक्षक मनोहर कदम याच्यावर ठपका ठेवला.

‘ठपका’ हा शब्द विद्यार्थ्याने अधोरेखित करून ठेवावा. वर्तमानपत्रे लिहितात ‘आयोगाने दोषी ठरवले’, आणि आपले लोक समजतात की निकाल लागला. आयोग म्हणजे न्यायालय नव्हे. चौकशी आयोग अधिनियम १९५२ प्रमाणे सरकार आयोग नेमते. साक्षीदाराला बोलावणे, शपथेवर तपासणे, कागद मागवणे हे दिवाणी न्यायालयाचे अधिकार आयोगाला मिळतात, पण कोणाला एक दिवसाची कैद द्यायचाही अधिकार त्याला नसतो. आयोग काय घडले ते शोधतो आणि सरकारला शिफारस करतो. सरकारने तो अहवाल आणि त्यावर काय कारवाई केली याचे टिपण सहा महिन्यांत विधिमंडळापुढे ठेवायचे असते. याच कायद्याचे कलम ६ तर प्रत्येकाने वाचावे. आयोगापुढे माणूस जे बोलतो, ते पुढे फौजदारी किंवा दिवाणी खटल्यात त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही, खोटी साक्ष दिल्याचा खटला तेवढा अपवाद. म्हणजे आयोगापुढे अधिकारी कितीही उघडा पडला, तरी खटल्यात सगळे पुन्हा पहिल्यापासून सिद्ध करावे लागते. पुन्हा साक्षीदार, पुन्हा उलटतपासणी. तोवर साक्षीदार म्हातारा झालेला असतो, किंवा गावी निघून गेलेला असतो. १९९२-९३च्या मुंबई दंगलीवरील श्रीकृष्ण आयोगाचा अनुभव मुंबईकरांना आहेच. दंगल झाली, गोळीबार झाला की ‘न्यायालयीन चौकशी करा’ ही आपली पहिली मागणी असते. मागणी जरूर करावी. पण त्याच दिवशी ‘गुन्हा नोंदवा’ ही मागणी तिच्या आधी यायला हवी, कारण शिक्षेकडे जाणारी वाट गुन्ह्याच्या नोंदीपासून सुरू होते. आयोगाची वाट विधानसभेच्या टेबलापर्यंतच जाते.

या खटल्याचा निकाल मे २००९ मध्ये लागला. शिवडीच्या जलदगती सत्र न्यायालयाने कदम याला दोषी धरून जन्मठेप सुनावली. गुन्हा होता सदोष मनुष्यवधाचा. इथे विद्यार्थ्याचा दुसरा प्रश्न येतो.

सदोष मनुष्यवध ही मोठी टोपली आणि खून ही तिच्यातली लहान टोपली, असे डोळ्यापुढे आणावे. प्रत्येक खून हा सदोष मनुष्यवध असतोच, पण प्रत्येक सदोष मनुष्यवध खून नसतो. जुन्या भारतीय दंड संहितेत कलम २९९ मध्ये मोठी टोपली होती, ३०० मध्ये लहान. दोहोंतला फरक मेलेल्यांच्या संख्येवर ठरत नाही, मारणाऱ्याच्या मनात काय होते यावर ठरतो. मारण्याचा ‘उद्देश’ होता की या कृत्याने माणूस मरू शकतो एवढी ‘जाणीव’ होती? उद्देश आणि जाणीव या दोन शब्दांवर वर्षांचा आणि जन्माचा फरक पडतो. खुनासाठी होते कलम ३०२, सदोष मनुष्यवधासाठी ३०४. या ३०४चेही दोन भाग होते. पहिला भाग उद्देशाचा, त्यात जन्मठेपेपर्यंत शिक्षा. दुसरा भाग नुसत्या जाणिवेचा, त्यात जास्तीत जास्त दहा वर्षे. कदमला जन्मठेप झाली, यावरूनच न्यायालयाने प्रकरण कोणत्या भागात धरले हे विद्यार्थ्याला उमगायला हवे.

आणि कलम ३००ला पाच अपवाद होते, ते आजही नव्या संहितेत आहेत. त्यातला तिसरा अपवाद आपल्या मुलांनी पाठ करू नये, त्याच्याशी भांडावे. लोकसेवकाने कायद्याने दिलेल्या अधिकारांची मर्यादा ओलांडली आणि त्यातून मृत्यू झाला, पण आपले कृत्य कायदेशीर आणि कर्तव्यासाठी गरजेचे आहे असे तो सद्भावनेने मानत होता, मेलेल्याविषयी त्याच्या मनात द्वेष नव्हता, तर तो खून धरला जात नाही. ‘सद्भावना’! धम्माच्या पुस्तकात हा शब्द किती निर्मळ वाटतो. कायद्याच्या पुस्तकात तो बंदूकवाल्याची ढाल होऊ शकतो. मात्र कायद्यातली सद्भावना म्हणजे ‘मला तसे वाटले’ एवढेच नव्हे. पुरेशी काळजी आणि लक्ष देऊन केलेले तेच सद्भावनेने केलेले, अशी तिची व्याख्या आहे. जमाव पांगवण्याचा आदेश दिला होता का? कमीत कमी बळ वापरले का? गोळी कोणत्या अंतरावरून सुटली? हे प्रश्न त्या एका शब्दाच्या पोटात बसतात, आणि ते विचारणारा वकील न्यायालयात उभा असावा लागतो.

निकालानंतर त्याच वर्षी उच्च न्यायालयातून कदमला जामीन मिळाला आणि वस्तीत पुन्हा संताप उसळला. ‘सुटला!’ असेच सर्वांच्या तोंडी होते. संताप रास्त होता, शब्द चुकीचा होता. जामीन म्हणजे सुटका नव्हे. खटला चालू असताना आरोपी निर्दोष मानला जातो, म्हणून तेव्हाचा जामीन वेगळा. शिक्षा झाल्यावर मिळतो तो वेगळा. त्यात अपिलाचा निकाल लागेपर्यंत शिक्षेची अंमलबजावणी तहकूब होते, दोषसिद्धी पुसली जात नाही. ‘निर्दोष मुक्तता’ आणखी निराळी, ती खटला पूर्ण चालून होते. आणि खटला उभा राहण्याइतकाही आधार नाही म्हणून सुरुवातीलाच वगळणे, हे चौथे. पेपरवाले चारही ठिकाणी ‘सुटका’ लिहून मोकळे होतात. आमच्याही हातून हे घडलेले आहे, हे इथे कबूल केले पाहिजे.

आता जरा पोलीस ठाण्याच्या पायरीवर या. घाटकोपर असो की कांदिवली, आपला माणूस मार खाऊन किंवा शिव्या खाऊन ठाण्यात जातो तेव्हा त्याला म्हणतात, “अर्ज लिहून द्या, साहेब आले की बघतो.” तो अर्ज देतो, पोच घेतो आणि समाधानाने घरी येतो की ‘केस केली’. केस झालेलीच नसते. अर्ज वेगळा, अदखलपात्र नोंद, जिला सगळे ‘एनसी’ म्हणतात, ती वेगळी आणि प्रथम खबर, म्हणजे एफआयआर, वेगळी. दखलपात्र गुन्हा म्हणजे ज्यात पोलिसाला वॉरंटशिवाय अटक करता येते. अशा गुन्ह्याची खबर मिळाल्यावर ती नोंदवणे पोलिसांवर बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ साली ललिता कुमारी प्रकरणात सांगितले आहे. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि जुने कलम १५४ आता १७३ झाले. तीन ते सात वर्षांच्या आतील शिक्षेच्या गुन्ह्यांत वरिष्ठांच्या परवानगीने चौदा दिवस प्राथमिक चौकशी करण्याची मुभा तिथे पोलिसांना दिली आहे. ‘अर्ज द्या’वाल्यांना हे आयतेच मिळाले! पण अ‍ॅट्रॉसिटीच्या गुन्ह्यात प्राथमिक चौकशीची गरज नाही, हे कलम १८-अ मध्ये स्वच्छ लिहिलेले आहे. ते कलम आपोआप आलेले नाही. मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा बोथट केला, २ एप्रिलला देशभर लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा कुठे संसदेने ऑगस्टमध्ये ते घातले. ठाण्यात खबर घेतली नाही तर वरिष्ठांना लेखी कळवायचे, तिथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्याकडे जायचे. खबरीची प्रत फिर्यादीला फुकट मिळते. एवढे वाक्य तरी पहिल्या वर्षाच्या मुलाला ठाणे अंमलदारासमोर न अडखळता म्हणता आले पाहिजे.

पुतळ्याचीच गोष्ट घ्या. १९९७ साली अ‍ॅट्रॉसिटी कायदा होता, पण पुतळ्याच्या विटंबनेसाठी त्यात वेगळे कलम नव्हते. ते २६ जानेवारी २०१६ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने आले. अनुसूचित जाती-जमातींना पवित्र किंवा आदरणीय असलेल्या वस्तूची नासधूस किंवा विटंबना हा आता कलम ३(१)(न) किंवा इंग्रजी प्रतीतल्या ‘टी’ खंडाखालचा गुन्हा आहे, आणि ‘वस्तू’मध्ये पुतळा, छायाचित्र, तसबीर येतात असा खुलासा खाली जोडला आहे. एका खुलाशाने केवढे काम केले पाहा. तो नसता तर ‘पुतळा ही वस्तू आहे काय’ यावरच वकिलांनी तीन तारखा काढल्या असत्या.

त्याच दुरुस्तीत आणखी एक शब्दबदल झाला. तो समजून घ्यायला मुंबईबाहेर, भंडारा जिल्ह्यात जावे लागेल. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. आरोपींना खुनासाठी शिक्षा झाली, पण अ‍ॅट्रॉसिटी कायदा न्यायालयांनी लावला नाही. तेव्हाच्या कलम ३(२)(५) मध्ये शब्द होते, पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची आहे ‘या कारणावरून’ गुन्हा केला असला पाहिजे. आता हे कारण सिद्ध कसे करायचे? मारणारा लिहून तर देत नाही. २०१६ पासून त्या जागी आले, ती व्यक्ती त्या जातीची आहे हे ‘माहीत असताना’. कारण सिद्ध करणे डोंगराएवढे, माहिती सिद्ध करणे त्या मानाने सोपे, कारण गावात कोण कोणत्या जातीचा हे शेंबड्या पोरालाही माहीत असते. विधी महाविद्यालयात ‘हेतू’ आणि ‘ज्ञान’ यावर टिपा लिहा असा प्रश्न येतो. आपल्या मुलाने ही टीप लिहिताना खैरलांजी आठवावी, गुण आपोआप मिळतील.

दिवाणी बाजूचे शब्द शिकायला महाडशिवाय दुसरा धडा नाही. २० मार्च १९२७ला चवदार तळ्याचे पाणी प्याल्याचे आपण दरवर्षी साजरे करतो. त्यानंतर दहा वर्षे चाललेला दावा मात्र कोणी सांगत नाही. त्या डिसेंबरात सवर्णांनी महाडच्या न्यायालयात दावा लावला आणि १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. ते झाले वादी, बाबासाहेब झाले प्रतिवादी. मनाई हुकूम म्हणजे अंतिम निकाल नव्हे, निकाल लागेपर्यंत आहे ते तसेच ठेवा एवढाच आदेश. २५ डिसेंबरच्या परिषदेला हजारो लोक तळ्याकडे जायच्या तयारीने आले होते, तरी बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब करायला लावला. मनुस्मृती जाळणारा माणूस न्यायालयाचा हुकूम पाळत होता, यात विसंगती कोणाला दिसत असेल तर त्याने पुढचे वाचावे. वाद्यांचे म्हणणे होते की अस्पृश्यांनी तळ्याचे पाणी न घेण्याची वहिवाट अनादि काळापासूनची आहे. बाबासाहेबांनी त्यांना त्याच शब्दात धरले. जो वहिवाट सांगतो त्यानेच ती शाबित करायची, याला म्हणतात शाबितीचा भार. अनादि म्हणता, तर दाखवा पुरावा! ८ जून १९३१ला महाडच्या न्यायालयात वादी हरले, पुढे अपिलात हरले आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयातही हरले. अशी अनादि रूढी शाबित झालेली नाही, असे न्यायालयाने म्हटले. हजारो वर्षे ‘हे असेच चालत आले आहे’ या वाक्याने आपल्याला दाबले, आणि त्या वाक्याचा पुरावा मागताच ते कोसळले.

आपल्या मुलांची खरी अडचण मात्र भाषेची आहे. ते नगरपालिकेच्या शाळेतून मराठीत शिकून येतात आणि पहिल्याच दिवशी वर्गात लॅटिन शब्द ऐकतात. ‘मेन्स रिया’ ऐकून घाबरतात. पण त्याचा अर्थ ‘दोषी मन’ एवढाच आहे, आणि वर उद्देश-जाणिवेचे जे सांगितले ते हेच. उच्च न्यायालयात आणि सर्वोच्च न्यायालयात संविधानाच्या अनुच्छेद ३४८ प्रमाणे इंग्रजी चालते, त्यामुळे इंग्रजीला पाठ दाखवून भागणार नाही. परंतु आधी मराठीत समजून घेणे यात काही कमीपणा नाही. दिवाणी, फौजदारी, वकील, जामीन, फिर्याद, हे सगळे शब्द फारसी-अरबीतून आलेले आहेत आणि आपल्या निरक्षर आज्यांनाही ते कळत होते. उलट आता नवीन कायद्यांच्या नावांनी गोंधळ वाढला आहे. पुराव्याच्या कायद्याचे नाव झाले भारतीय साक्ष्य अधिनियम. मराठीत साक्ष म्हणजे साक्षीदाराची जबानी आणि पुरावा म्हणजे त्याहून बरेच काही. मुले दोन्ही एकच समजू लागली तर दोष त्यांचा नाही. आकडेही दोन-दोन लक्षात ठेवायचे आहेत, कारण १ जुलै २०२४ पूर्वीच्या गुन्ह्यांना जुनीच दंड संहिता लागते. खून ३०२चा १०३ झाला, सदोष मनुष्यवध ३०४चा १०५. बाबासाहेब १९३५ साली मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले, आणि पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५६ साली सिद्धार्थ विधी महाविद्यालय उभे केले, ते आपल्या पोरांनी नुसती पदवीची पाटी दारावर लावावी म्हणून नव्हे.

रमाबाई नगरात सध्या वेगळेच शब्द फिरत आहेत. वस्तीचा पुनर्विकास एमएमआरडीए आणि झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाने मिळून हाती घेतला आहे, आणि घराघरात बोलणे आहे ते ‘पात्र’ आणि ‘अपात्र’चे. १ जानेवारी २०००च्या आधीचा पुरावा असेल तर घर मोफत, त्यानंतर १ जानेवारी २०११ पर्यंतचा असेल तर पैसे भरून. यादीला म्हणतात परिशिष्ट दोन. तिथे नावासमोर ‘अपात्र’ दिसले की बाई रडत बसते किंवा दलालाच्या दारी जाते. अपात्र हा शेवटचा शब्द नाही. त्यावर अपील आहे आणि अपिलाला मुदत आहे. मुदत गेली की खरा हक्कही कागदावर मरतो. वस्तीतल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी एक रविवार द्यावा, विहारात टेबल मांडावे आणि प्रत्येक घराची नोटीस वाचून त्यावरची तारीख आधी पाहावी. पुरावा कोणता जोडला, कोणता राहिला, नावात ‘भीमराव’चे ‘भिमराव’ झाले आहे का, वीजबिल कोणाच्या नावावर आहे, एवढे तपासायला सनद लागत नाही.